'हॅलो'चा 'नमस्कार' होताना

डेबियन या लिनक्स प्रणालीत 'हॅलो' नावाचं एक चिमुकलं पॅकेज आहे. ते बसवून घेतलं आणि टर्मिनलवर त्याचं नाव टाइप केलं, की पडद्यावर एक ओळ उमटते: 'हॅलो, वर्ल्ड!' त्यापलीकडे ते फारसं काही करत नाही. तरीही जीएनयू प्रकल्पाने हा प्रोग्राम अनेक वर्षं निगुतीने सांभाळला आहे. त्याला आवृत्त्या आहेत, माहितीपुस्तिका आहे, चाचण्या आहेत, कित्येक भाषांतले अनुवाद आहेत. सॉफ्टवेअर कसं लिहावं, कसं बांधावं आणि लोकांच्या हाती कसं द्यावं, याचा तो कित्ता आहे. पॅकेज बांधायला शिकणारे जगभरचे लोक हा कित्ता गिरवतात.

समजा, एखाद्या मराठी माणसाला वाटलं की आपल्या संगणकावर त्याने 'नमस्कार, जग!' म्हणावं. तसा या प्रोग्रामला कमांडबरोबर वेगळा संदेश देता येतो. पण इथे हवा आहे तो कायमचा बदल, प्रोग्रामच्या पोटातला. एवढ्याशा इच्छेपायी जी वाट चालावी लागते, तिच्यावर लिनक्सच्या जगातल्या बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी भेटतात: सोर्स कोड, कंपायलर, लायब्ररी, परवाना, पॅच आणि सगळ्यात मोलाची म्हणजे केलेल्या कामाची नोंद.

चकलीची भाजणी दुकानात तयार मिळते. ती आणली की काम लगेच सुरू करता येतं. पण तिच्यात धने किती, उडीद किती, तांदूळ किती भाजले, हे पिशवीकडे पाहून कळत नाही आणि बदलताही येत नाही. ज्या घराला आपली चव हवी असते, ते घर धान्य मोजून, भाजून गिरणीत दळून आणतं. सोर्स कोड म्हणजे हे धान्य आणि त्याचं प्रमाण. माणसाला वाचता येईल अशा भाषेत, उदाहरणार्थ सी भाषेत, तो लिहिलेला असतो. कंपायलर नावाची गिरणी त्याचं प्रोसेसरला समजणाऱ्या अंकांमध्ये पीठ करते. लिनक्सवर बहुतेक लोक तयार पीठच घेतात, कारण डेबियन, उबुंटू, फेडोरासारख्या वितरणांचे लोक ते आधीच दळून ठेवतात. फरक इतकाच, की इथे पिशवीबरोबर कृतीही मिळते. ज्याला हवं त्याने घरी दळावं.

ही कृती मिळणं हा हक्क आहे, असं ठामपणे मांडणारा माणूस म्हणजे रिचर्ड स्टॉलमन. १९८०च्या सुमारास तो एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करत होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना जाईल, अशी सुधारणा त्याने प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती. मग नवा लेझर प्रिंटर आला. त्याचा सोर्स कोड मिळाला नाही, त्यामुळे तीच साधी सुधारणा तिथे करता येईना. यंत्र डोळ्यांसमोर होतं, अडचण कळत होती, दुरुस्ती करणारा माणूसही हजर होता. पण हात बांधलेले होते. सप्टेंबर १९८३मध्ये त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्याच प्रकल्पातून १९८७ साली 'जीसीसी' हा कंपायलर आला. फिनलंडमधल्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१मध्ये लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहायला घेतला, तेव्हा दळायला ही गिरणी तयार होती.

गिरणी असली तरी काय दळायचं आणि कोणत्या क्रमाने, हे सांगणारं कुणीतरी लागतं. मोठ्या प्रोग्रामच्या शेकडो फायली असतात. एक बदलली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या पुन्हा कंपाइल कराव्या लागतात आणि माणूस हमखास एखादी विसरतो. १९७६च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ अशीच गेली. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल नव्याने कंपाइलच झाली नव्हती. त्यामुळे तो बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसला. ते पाहून स्टुअर्ट फेल्डमनने 'मेक' हे साधन लिहिलं. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे, हे एका 'मेकफाइल'मध्ये लिहून ठेवायचं. कोणती जुनी झाली ते तारखा पाहून 'मेक' ठरवतो आणि तेवढीच पुन्हा बांधतो. पन्नास वर्षं होत आली, तरी लिनक्सवरचे असंख्य प्रोग्राम आजही 'मेक'ने बांधले जातात.

लिनक्सच्या सुरुवातीच्या दिवसांपासून सोर्सपासून प्रोग्राम बसवायचा ठरलेला मंत्र तीन कमांडचा आहे. आधी 'कॉन्फिगर': ही स्क्रिप्ट संगणक तपासून कोणता कंपायलर आहे, कोणत्या लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो तयार कोड) आहेत, ते पाहते आणि त्याप्रमाणे मेकफाइल तयार करते. मग 'मेक': प्रत्यक्ष बांधणी. शेवटी 'मेक इन्स्टॉल': तयार फायली जागच्या जागी नेऊन ठेवणं. नवख्याची गाडी बहुधा पहिल्याच टप्प्यावर अडते, कारण एखादी लायब्ररी असूनही 'सापडत नाही' असं उत्तर येतं. डेबियनमध्ये लायब्ररीचे दोन भाग वेगळे ठेवलेले असतात. प्रोग्राम चालवायला लागणारा भाग वेगळा, आणि प्रोग्राम बांधायला लागणाऱ्या हेडर फायलींचा भाग वेगळा. दुसऱ्या पॅकेजच्या नावाशेवटी 'डेव्ह' असतं. ते बसवलं, की अडलेली गाडी पुढे सरकते.

खरी अडचण तिसऱ्या कमांडनंतर सुरू होते, आणि ती लगेच दिसत नाही.

'मेक इन्स्टॉल' फायली टाकून मोकळा होतो. कोणत्या फायली कुठे टाकल्या, याची नोंद प्रणालीकडे होत नाही. म्हणून असे प्रोग्राम मुळात 'युजर-लोकल' या वेगळ्या फोल्डरात बसवायचा संकेत आहे. वितरणाचं सामान एकीकडे, घरचं दुसरीकडे. संकेत पाळला तरी सहा महिन्यांनी तो प्रोग्राम काढायचा झाला, तर सोर्सचं फोल्डर एव्हाना पुसलेलं असतं आणि काय काय काढायचं ते आठवत नाही. जुनी लायब्ररी तशीच मागे राहते आणि पुढे एखादा भलताच प्रोग्राम तिच्याशी जोडला जाऊन बिनसतो. अशा वेळी दोष प्रोग्रामचा नसतो. हिशेब न ठेवल्याचा असतो.

पॅकेज म्हणजे हा हिशेब. इयन मर्डॉकने १६ ऑगस्ट १९९३ला डेबियनची घोषणा केली, तेव्हापासून या वितरणाची ओळखच त्याच्या काटेकोर पॅकेजांमुळे आहे. उबुंटू याच पायावर उभी राहिली आणि सी-डॅकने घडवलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही. डेबियनचं पॅकेज बसवलं, की 'डीपीकेजी' त्यातल्या एकेका फाइलचं नाव आपल्या दप्तरात उतरवून घेतो. कोणती फाइल कुणाची, ते एका कमांडसरशी सांगतो. पॅकेज काढलं तर नेमक्या त्याच फायली काढतो. त्याला आणखी कोणती पॅकेजं लागतात, कोणाशी त्याचं जमत नाही, हेही त्याला ठाऊक असतं. म्हणून जाणती माणसं सोर्सपासून प्रोग्राम बांधतात खरा, पण थेट न बसवता त्याचं आधी पॅकेज करतात आणि मग ते पॅकेज बसवतात.

'हॅलो'चं काम या पद्धतीने कसं होतं ते पाहू. प्रणालीच्या सेटिंगमध्ये सोर्सच्या भांडाराची ओळ चालू केली, की 'एपीटी सोर्स हॅलो' या एका कमांडने सगळं सामान उतरतं. त्यात मुख्य फायली तीन: मूळ लेखकांनी दिलेला सोर्स जसाच्या तसा, डेबियनने त्यात घातलेली भर वेगळी बांधून, आणि दोन्हींचा तपशील व सांकेतिक ठसे देणारी एक छोटी फाइल. मूळ आणि भर यांची सरमिसळ न होऊ देणं, ही या व्यवस्थेतली सगळ्यात सुंदर गोष्ट. मूळ लेखकाचं कोणतं आणि वितरणाने बदललेलं कोणतं, हे कधीही, कुणालाही वेगळं पाहता येतं.

पुढची कमांड 'एपीटी बिल्ड-डेप हॅलो'. बांधणीला जे जे लागतं ते सगळं ती आणून देते. 'डेव्ह' पॅकेजांची शोधाशोध संपते. कारण ती यादी आधीच्या कुणीतरी 'डेबियन' नावाच्या फोल्डरात, 'कंट्रोल' या फाइलमध्ये लिहून ठेवलेली असते. त्याच फोल्डरात 'रूल्स' असते, म्हणजे बांधणीची कृती, आणि ती स्वतःच एक मेकफाइल असते. 'कॉपीराइट'मध्ये परवाना असतो, 'पॅचेस'मध्ये मूळ सोर्सवरचे बदल, आणि 'चेंजलॉग'मध्ये आजवर काय काय केलं त्याची तारीखवार वही.

मग सी भाषेतल्या फाइलमध्ये 'हॅलो, वर्ल्ड!'च्या जागी 'नमस्कार, जग!' लिहायचं आणि 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज' चालवायचं. कंपायलर काम सुरू करतो, ओळींमागून ओळी पडद्यावर सरकतात, आणि बांधणी मध्येच थांबते. चाचणी नापास!

हा धडा 'हॅलो'मध्ये अगदी योग्य जागी आहे. प्रोग्रामबरोबर त्याच्या चाचण्याही येतात आणि डेबियनची बांधणी त्या चालवून बघते. एका चाचणीचं कामच हे, की प्रोग्राम अक्षरशः 'हॅलो, वर्ल्ड!' म्हणतो की नाही ते तपासायचं. तो नमस्कार करू लागला, म्हणजे चाचणीच्या दृष्टीने बिघडला. चाचण्या गाळून बांधायची सोय आहे, पण ती सवय वाईट. चाचणीची फाइलही नव्या संदेशाप्रमाणे दुरुस्त करायची, हे योग्य. बदल करणाऱ्याला इथे थांबून विचार करावा लागतो: मी बदललेल्या ओळीवर आणखी कोण विसंबून होतं?

हा प्रश्न न विचारल्याची किंमत डेबियनने एकदा मोजली आहे. २००६मध्ये 'ओपनएसएसएल' या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीत वितरणापुरता एक बदल झाला. स्मृतीचा वापर तपासणारं एक साधन काही ओळींबद्दल तक्रार करत होतं. त्या ओळी वगळल्या गेल्या. तक्रार थांबली. पण गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारी यदृच्छता त्याच ओळींमधून येत होती. उरला तो प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे नेहमीच्या व्यवस्थेत फार तर ३२,७६८ शक्यता. त्या काळात डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या किल्ल्या अंदाजाने काढता येण्याजोग्या होत्या. हे मे २००८मध्ये उघड झालं आणि जगभरच्या सर्व्हरवरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. बदल लपवलेला नव्हता. पॅच म्हणून तो सगळ्यांसमोर होता. म्हणूनच दोष सापडल्यावर तो नेमका कुठे, केव्हा आणि का शिरला, हे निश्चितपणे सांगता आलं.

'हॅलो'तला बदल निरुपद्रवी आहे, पण रीत तीच. केलेला बदल पॅच म्हणून 'पॅचेस'मध्ये ठेवायचा आणि पॅकेजला वेगळा आवृत्ती-क्रमांक द्यायचा. डेबियन १२मध्ये 'हॅलो'चा क्रमांक २.१०-३ आहे, म्हणजे मूळ लेखकांची २.१०वी आवृत्ती आणि डेबियनने तिचं केलेलं तिसरं पॅकेज. घरच्या पॅकेजचा क्रमांक २.१०-३लोकल१ असा करता येतो. या साध्या शेपटीत बरंच शहाणपण आहे. डेबियनच्या नियमांत अक्षरं ही चिन्हांच्या आधी येतात. म्हणून 'लोकल१' ही शेपटी मूळ पॅकेजापेक्षा नवी ठरते, पण सुरक्षा दुरुस्ती म्हणून '+डेब१२यू१' अशी शेपटी लावून पॅकेज आलं, तर ते हिच्यावर मात करतं. घाईत कुणी '+लोकल१' असं लिहिलं, तर चिन्ह दोन्हींकडे सारखं होतं आणि मग 'लोकल'चं रोमन 'एल' 'डेब'च्या 'डी'पेक्षा वरचढ ठरतं. सुरक्षा दुरुस्ती येते, पण संगणक घरच्या पॅकेजालाच नवं समजून ती नाकारतो. एका अधिक चिन्हाचा हा फरक.

अर्थात नमस्कारापायी कुणी एवढा खटाटोप करत नाही. लोक सोर्सकडे वळतात त्याची कारणं रोकडी असतात. वितरणातली आवृत्ती जुनी असते, किंवा हवी ती सोय बंद ठेवून पॅकेज बांधलेलं असतं. कधी कारण कायद्याचं असतं. ध्वनी-चित्राचं रूपांतर करणारा 'एफएफएमपेग' घ्या. त्यात 'एफडीके-एएसी' ही ध्वनीची लायब्ररी जोडता येते, पण डेबियन 'एफएफएमपेग' ज्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली देतं, त्याच्याशी तिचा परवाना जुळत नाही. दोन्ही एकत्र बांधून तयार झालेला प्रोग्राम दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून डेबियन तो तसा देत नाही. ज्याला हवा त्याने आपल्या संगणकावर, आपल्यापुरता बांधायचा. कर्नलचंही तसंच. एखादं हार्डवेअर चालवायला किंवा नको असलेले भाग वगळायला अनेक जण स्वतःचा कर्नल बांधतात, आणि कर्नलच्या सोर्समध्येच त्याचं डेबियन पॅकेज करून देणारी सोय आहे.

काही वितरणांनी तर घरी दळणं हाच धर्म मानला. डॅनियल रॉबिन्सने सुरू केलेल्या जेंटूमध्ये वापरणाऱ्याचा संगणकच बहुतेक प्रोग्राम कंपाइल करतो. कोणती सोय हवी, कोणती नको, ते 'यूज फ्लॅग'ने सांगायचं. आर्च लिनक्समध्ये 'पीकेजीबिल्ड' नावाच्या एका सुटसुटीत स्क्रिप्टमध्ये अख्खी कृती मावते. आणि ज्यांना मुळापासून समजून घ्यायचं असतं, त्यांच्यासाठी खेरार्ड बेकमन्सचं 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे पुस्तक आहे. रिकाम्या डिस्कपासून सुरुवात करून कंपायलरसकट सगळी प्रणाली एकेक पायरीने कशी उभारायची, हे ते हाताला धरून शिकवतं.

पण आपण दळायला घेतलेलं धान्य खरंच त्याच शेतातलं आहे का? २९ मार्च २०२४ला हा प्रश्न फार तीव्रतेने समोर आला. अँड्रेस फ्रॉइंड हा अभियंता डेबियनच्या विकसनशील आवृत्तीवर वेगाच्या काही चाचण्या घेत होता. दुसऱ्या संगणकावर लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याच्या लक्षात आलं. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो 'एक्सझेड' या फायली आकुंचित करणाऱ्या साध्या साधनापर्यंत पोहोचला. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदत करत, विश्वास मिळवत तो बसवला होता.

त्याची रचना पाहिली की पॅकेज बांधणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. चोरदरवाजा जागा करणारी एक फाइल सार्वजनिक भांडारातल्या सोर्समध्ये नव्हतीच. प्रकाशनासाठी बांधलेल्या गाठोड्यात ती घातली होती. आणि घातक स्क्रिप्ट कामाला लागण्याआधी बघायची, की इथे 'डेबियन' फोल्डर आणि त्यात 'रूल्स' ही फाइल आहे का, किंवा फेडोरासारख्या वितरणांचं आरपीएम पॅकेज बांधलं जातंय का. म्हणजे 'हॅलो' बांधताना ज्या फाइलवर आपण विसंबलो, तीच या हल्ल्याची खूण होती. डेबियन आणि फेडोराच्या स्थिर आवृत्त्यांत पोहोचण्याआधी तो पकडला गेला. सोर्स उघडा होता, म्हणून एका माणसाला काही दिवसांत मुळाशी जाता आलं.

हाती आलेलं पॅकेज खरंच जाहीर केलेल्या सोर्सपासूनच बांधलं आहे का, हे कुणालाही तपासता यावं, यासाठी डेबियनमध्ये २०१३पासून 'रिप्रोड्युसिबल बिल्ड्स'चं काम चालू आहे. एकाच सोर्सपासून वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या संगणकांवर पॅकेज बांधलं, तर एका बिटाचाही फरक पडू नये, असा हा प्रयत्न. वाटतं त्यापेक्षा हे अवघड आहे, कारण बांधणीची वेळ, फोल्डरचं नाव, फायलींचा क्रम अशा बारीकसारीक गोष्टी पॅकेजात नकळत उतरतात. म्हणून घड्याळातली वेळ न घेता चेंजलॉगमधली तारीख वापरली जाते. बांधणीही रोजच्या वापराच्या संगणकावर न करता 'एसबिल्ड'सारख्या साधनाने कोऱ्या, तात्पुरत्या खोलीत केली जाते. मग शंका कंपायलरपर्यंत जाते. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसनने ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिलं होतं, की कंपायलरच फितूर असेल, तर निर्मळ सोर्समधूनही चोरदरवाजा निघू शकतो. त्या शंकेला उत्तर म्हणून २०२३मध्ये 'गीक्स' वितरणाच्या लोकांनी ३५७ बाइटच्या एका प्रोग्रामपासून सुरुवात करून कंपायलरसह सगळी साधनं सोर्सपासून चढत्या क्रमाने बांधून दाखवली. माणसाला बसून वाचता येईल एवढा तो प्रोग्राम लहान आहे.

मराठी वाचकाच्या रोजच्या नजरेला पडणारी गोष्टही याच वाटेने येते: अक्षरं. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही मराठीची वळणं हिंदीतल्या प्रचलित वळणांपेक्षा वेगळी. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक तर अर्थाचाच. ओपनटाइप फॉण्टमध्ये मराठीसाठी वेगळे आकार ठेवायची सोय आहे. रेड हॅटने खुल्या परवान्याखाली दिलेल्या 'लोहित' फॉण्टांपैकी मराठीचा फॉण्ट डेबियनमध्ये स्वतंत्र पॅकेज म्हणून मिळतो. फॉण्टलाही सोर्स असतो. अक्षरांच्या रेषा आणि जोडाक्षरांचे नियम त्यात वाचता येतात, 'फॉण्टफोर्ज' या प्रोग्राममध्ये उघडून बदलता येतात. एखाद्या अक्षरजुळणी करणाऱ्याला 'ऱ्य'चा चंद्रकोरीसारखा रफार जरा जाड हवा असेल, तर त्याला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. सोर्स उतरवायचा, बदल करायचा, पॅच ठेवायचा, पॅकेज बांधायचं.

आणि वहीत लिहायचं. डेबियनचा चेंजलॉग युनिकोडमध्ये असतो, त्यामुळे ती नोंद देवनागरीतही करता येते. 'हॅलो'च्या नव्या पॅकेजाच्या चेंजलॉगमध्ये सगळ्यात वर आता एक नवी नोंद दिसते: पॅकेजाचं नाव, २.१०-३लोकल१ हा क्रमांक, खाली 'संदेश मराठीत केला. चाचणी त्याप्रमाणे दुरुस्त केली', आणि शेवटी बांधणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ. तिच्याखाली आधीच्या बांधणाऱ्यांच्या नोंदी, एकाखाली एक, होत्या तशाच आहेत.